अंडी भरपूर, मासा गायब: फ्लॅटहेड तळ्यातल्या कोकॅनी सॅमनचं प्रकरण

अमेरिकेत मोंटाना राज्यात फ्लॅटहेड नावाचं तळं आहे, आणि तिथला कोकॅनी सॅमन १९८५ ते १९८७ या अवघ्या दोन-तीन वर्षांत जवळपास साफ झाला. गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास करणाऱ्यांना हे प्रकरण ठाऊक असतं, पण बहुतेक वेळा ते "बाहेरचा झिंगा आणून सोडला, त्याने माशाचं खाणं पळवलं, मासा संपला" एवढ्यावर उरकतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. मला त्यात जास्त अडकून राहिलेला भाग वेगळा आहे. सॅमन म्हटलं की सगळ्यांचं लक्ष विणीच्या जागेवर, म्हणजे नदीतली खडी, अंडी, पाण्याची पातळी, धरणाचा विसर्ग, आणि इथे तर विणीच्या बाजूने सगळं सुधारत चाललेलं होतं, तेव्हाच मासा गेला.

आधी मासा बघू, कारण त्याचं आयुष्य समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोकॅनी म्हणजे सॉकाय सॅमनच, जात एकच, ऑन्कोऱ्हिंकस नेर्का, फक्त हा समुद्रात जात नाही. सॉकाय तळ्यात एक-दोन वर्षं काढून समुद्रात उतरतो, तिथे दांडगा होतो आणि विणीला परत नदीत चढतो. कोकॅनीसाठी तळं हाच समुद्र. त्यामुळे तो लहान राहतो, साधारण फूटभर, कुठे थोडा जास्त कुठे कमी, जेवढं खाणं मिळेल तसा. आयुष्य बहुतेकांचं चार वर्षांचं, काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी पाच. आणि वीण एकदाच, मग संपलं.

चौथ्या वर्षी शरद ऋतूत हा एरवी चंदेरी-निळसर मासा रंग बदलतो, अंग लाल, डोकं हिरवट, नराचा जबडा वाकडा होऊन पुढे येतो आणि पाठीला कुबड येतं. खाणं बंद. मग तो तळ्यातून वर नदीत चढतो किंवा काही मासे तळ्याच्याच काठाला, जिथे तळातून झऱ्याचं पाणी वर येतं अशा खडीत जमतात. मादी कुशीवर वळते आणि शेपटीचे फटके मारून गोटे उडवते, असं करत करत वीतभर खोल खड्डा करते. नर बाजूला येऊन चिकटतो, दोघं तोंड वासतात, अंगाला थरथर सुटते, आणि गाबोळी खड्ड्यात पडते, केशरी, वाटाण्याहून थोडी लहान अंडी, त्याच क्षणी नराचं पाणी त्यावर. मग मादी काय करते तर खड्ड्याच्या जरा वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूला, परत खणायला लागते, उडालेली खडी प्रवाहाने खाली येऊन अंड्यांवर बसते, आणि तिथे नवा खड्डाही तयार होतो. एकाच खणण्यात दोन कामं. अशा दोन-चार कप्प्यांत मिळून काही शे ते हजारभर अंडी. नंतर अंगात त्राण असेपर्यंत ती जागेवर राखण करते, दुसरी मादी आली तर हाकलते, शेपटी झिजून पांढरी पडलेली असते, आणि आठवडा-दोन आठवड्यांत मरते. नरही मरतो.

अंडी हिवाळाभर खडीत. यातली मुख्य अट एवढीच की खडीतून ताजं पाणी वाहत राहिलं पाहिजे आणि ती उघडी पडता कामा नयेत. फुटल्यावर पिल्लू लगेच बाहेर येत नाही, पोटाला बलकाची पिशवी असते, तीवर खडीतच काही आठवडे काढतं, आणि वसंतात रात्रीच्या अंधारात वर येऊन प्रवाहाबरोबर तळ्याकडे वाहत जातं. इथून पुढची तीन-साडेतीन वर्षं उघड्या तळ्यात, आणि ती कुणालाच दिसत नाहीत, मुद्दा इथेच आहे. खाणं म्हणजे प्राणीप्लवक, त्यातही डाफ्निया, एक-दोन मिलिमीटरचे जीव. कोकॅनीच्या कल्ल्यांना आतून बारीक दाट दाते असतात, त्यात ते अडकतात, पण टिपायचं काम डोळ्यांनी, म्हणजे उजेड लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तळं. फ्लॅटहेड साधारण ५०० चौरस किलोमीटरचं, शंभर मीटरहून जास्त खोल, पाणी एकदम स्वच्छ. मोंटाना विद्यापीठाचं जीवशास्त्र केंद्र तिथे १८९९ पासून आहे, म्हणून या तळ्याच्या नोंदी चांगल्या सापडतात. मूळचे मासे म्हणजे बुल ट्राउट आणि वेस्टस्लोप कटथ्रोट ट्राउट. लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा बाहेरून १९०५ ला आणून सोडला आणि कोकॅनी १९१६ ला. हो, कोकॅनी पण बाहेरचाच! अनेकांना हे वाचून धक्का बसतो कारण ज्याच्यासाठी एवढी हळहळ झाली तो सुद्धा पाहुणाच होता. पण पाहुणा मस्त रुळला, पुढची पन्नास-साठ वर्षं गळ टाकणाऱ्यांचा मुख्य मासा तोच, आणि लेक ट्राउट एवढी वर्षं तळाशी थोडक्यात गुण्यागोविंदाने राहत होता.

कोकॅनीची सगळ्यात नावाजलेली विणीची जागा तळ्यापासून बरीच दूर, जवळपास शंभर किलोमीटर वर, ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये. मॅकडोनाल्ड तळ्यातून एक ओढा निघतो, मॅकडोनाल्ड क्रीक, जेमतेम चारेक किलोमीटर वाहून नदीला मिळतो. तळ्यातून निघणारं पाणी शरदात उबदार असतं, हिवाळ्यात सहसा गोठत नाही, खडी चांगली, धरणाची भानगड नाही. चांगल्या वर्षी तिथे लाखभर मासे यायचे. आणि एवढे मासे मरायला येणार म्हटल्यावर खाणारे पण येणारच, कॅनडातून दक्षिणेकडे निघालेले टकले गरुड म्हणजे बाल्ड ईगल वाटेत तिथे थांबायला लागले, १९८१ मध्ये एका मोजणीत ६३९ गरुड मोजले होते. शिवाय ग्रिझली अस्वलं, कोल्ह्यासारखे कायोटी, पाणमांजरं, मिंक, गल, आणि सुटी अंडी टिपणारी बदकं. गरुड बघायला माणसं यायला लागली, १९८३ च्या शरदात ४६,५०० लोक आले, तेही पर्यटनाचा सीझन संपल्यावर. आसपासच्या हॉटेलवाल्यांना नोव्हेंबरात गिऱ्हाईक, अजून काय पाहिजे.

म्हणजे आता कुणालाही विचारलं असतं की या माशाला धोका कशाचा, तर उत्तर तयार होतं: धरणांचा. आणि ते खोटं नव्हतं. तळ्याच्या तोंडाशी १९३८ ला केर धरण झालं, त्यामुळे तळ्याची वरची तीनेक मीटर पातळी माणसाच्या हातात गेली. विजेसाठी हिवाळ्यात पातळी उतरवायची, आणि काठाच्या खडीतली अंडी उघडी पडून सुकायची किंवा गोठायची. वर नदीच्या दक्षिण फाट्यावर १९५३ ला हंग्री हॉर्स धरण. त्याचा विसर्ग विजेच्या मागणीप्रमाणे वर-खाली, मासा भरल्या पाण्यात काठाला अंडी घालणार आणि नंतर पाणी कमी केलं की तीच अंडी उघड्यावर. मोजमाप करून हे नीट सिद्ध झालं, मग १९८२ पासून विसर्ग विणीच्या आणि अंडी फुटण्याच्या काळात सांभाळून सोडायला लागले. वीज कंपन्या आणि सरकारी खात्यांना असं एखाद्या माशासाठी वाकवणं सोपं नसतं, तिथे ते झालं. कौतुकच आहे. सगळे आता मासे वाढायची वाट बघत होते.

आणि हे सगळं चालू असताना दुसरीकडे वरच्या अंगाला एक वेगळंच काम होऊन गेलेलं होतं.

मायसिस नावाचा एक गोड्या पाण्यातला झिंगा आहे, दीड-दोन सेंटीमीटरचा, पारदर्शक, हातात घेतला तर आपल्या जवळ्यासारखाच दिसेल. हिमयुगानंतर काही थंड खोल तळ्यांत राहिलेला जीव. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या कूटनी तळ्यात १९४९ ला तो सोडला होता, मूळ हेतू तिथल्या ट्राउटला खाणं व्हावं हा, पण पुढे १९६० च्या दशकात लोकांच्या लक्षात आलं की तळ्याच्या पश्चिम फाट्यातले कोकॅनी भलतेच मोठे व्हायला लागलेत, आणि त्यांच्या पोटात मायसिस. झालं! अख्ख्या वायव्य अमेरिकेत आणि कॅनडात मायसिस सोडायची लाट आली. मोंटानातही १९६८ पासून पुढच्या काही वर्षांत फ्लॅटहेडच्या वरच्या बाजूच्या व्हाइटफिश, स्वान वगैरे तळ्यांत तो सोडला. फ्लॅटहेडमध्ये कुणी थेट टाकला नाही, पण ही सगळी तळी फ्लॅटहेडलाच वाहतात, त्यामुळे तो खाली येणारच होता. १९८१ ला तो फ्लॅटहेडच्या नमुन्यात पहिल्यांदा सापडला.

कूटनीमध्ये नेमकं काय झालं होतं हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण चूक तिथेच आहे. मायसिस दिवसा उजेडाला टाळून खोल तळाशी बसतो आणि रात्री वर येऊन प्राणीप्लवक खातो. कोकॅनी उजेडात, वरच्या थरात, डोळ्यांनी टिपून खातो. म्हणजे दोघांची गाठ पडायचं कारणच नाही, उलट दोघांचं ताट एकच, एक रात्री जेवतो एक दिवसा. कूटनीच्या पश्चिम फाट्याच्या तोंडाशी मात्र तळ उंचावलेला आहे, मुख्य तळ्यातलं खोल पाणी तिथून बाहेर पडताना मायसिसला उथळात वर उचलून आणतं, त्यामुळे तिथल्या कोकॅनीला तो दिवसाउजेडी आयता मिळायचा. त्या एका जागेच्या तळाच्या रचनेमुळे घडलेली गोष्ट, आणि ती नियम समजून डझनावारी तळ्यांत वापरली. कूटनीच्याच मुख्य तळ्यातल्या कोकॅनीला तसा फायदा झाला नव्हता. टाहो तळ्यातही १९६० च्या दशकात मायसिस सोडला आणि १९७० च्या सुरुवातीला तिथले डाफ्निया दिसेनासे झाले, म्हणजे इशारा होता, पण तोपर्यंत मोंटानातल्या वरच्या तळ्यांत झिंगा पडलेला होता आणि झिंगा काही परत काढता येत नाही. (आपण हसायला नको, मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ ला आणला तो पण भल्यासाठीच, आज धरणावर जाळं टाकणाऱ्या कुणालाही विचारा जाळ्यात काय येतं ते.)

१९८१ ला तुरळक असलेला मायसिस १९८५-८६ पर्यंत दर चौरस मीटरला शंभराच्या वर गेला. डाफ्निया आणि बाकीचे मोठे प्राणीप्लवक कोसळले. मॅकडोनाल्ड क्रीकमध्ये १९८५ ला विणीला आलेले कोकॅनी होते १,१८,०००. १९८७ ला ३३०. १९८९ ला ५०. गरुड ६३९ वरून १९८९ मध्ये २५, बघायला येणारी माणसं हजाराच्या आत. तळ्यातली कोकॅनीची मासेमारी बंदच पडली. गरुड काही उपाशी मेले नाहीत, ते विखुरले, दुसरीकडे थांबायला लागले, पण त्या ओढ्यावरचा तो सगळा मेळा उठला. १९९१ मध्ये स्पेन्सर, मॅकलेलंड आणि स्टॅनफर्ड यांनी झिंग्यापासून गरुडापर्यंतची ही साखळी एकत्र मांडली तेव्हा हे प्रकरण जगभर गेलं.

आता १९८५ चा तो १,१८,००० चा आकडा बघा. मायसिस तळ्यात चार वर्षं आहे, जवळजवळ शिखरावर पोचलाय, आणि ओढ्यात मासे लाखाच्या वर. कुणीही म्हणेल, बघा काही झालं नाही. पण त्या शरदात आलेला मासा साधारण १९८१ च्या शरदात अंडं होता, ८२ च्या वसंतात तळ्यात उतरला, आणि त्याची वाढीची पहिली वर्षं मायसिस विरळ असताना गेली. म्हणजे ओढ्यावरची मोजणी तुम्हाला आजचं तळं दाखवतच नाही, तीन-चार वर्षांपूर्वीचं दाखवते. ज्या पिढीचे हाल चालू होते ती अजून तळ्यात होती, न दिसणारी. १९८७ ला जे ३३० आले ते १९८३ च्या अंड्यांतले, आणि १९८३ म्हणजे तेच वर्ष जेव्हा ४६,५०० माणसं हा सोहळा बघायला आली होती, अंड्यांची टंचाई त्या वर्षी नक्कीच नव्हती! खडी भरलेली, पाणी सांभाळलेलं, पिल्लं निघालेली, आणि मग पुढे तळ्यात काहीतरी झालं.

काय झालं यावर दोन मतं आहेत. पहिलं मत उपासमारीचं: वसंतात नुकत्याच उतरलेल्या पिल्लाला डाफ्निया लागतो, तो मायसिसने आधीच संपवलेला, पिल्लू मेलं. दुसरं मत लेक ट्राउटचं. आठवा, लेक ट्राउट १९०५ पासून तळ्यात आहे पण कधी माजला नाही, कारण त्याच्या पिल्लांना खोल पाण्यात खायला फारसं काही नव्हतं. मायसिस दिवसा बसतो कुठे? खोल तळाशी, थेट त्यांच्या तोंडापुढे. पिल्लं जगायला लागली, लेक ट्राउट वाढत गेला, आणि हा मासा मोठा झाला की मासे खातो, कोकॅनी तर त्याचं आवडतं खाणं. वर तो वीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे एकदा वाढला की ओसरायचं नाव नाही.

मला दोन्ही खरं वाटतं, पण नुसत्या उपासमारीने हा आकड्यांचा कडेलोट समजत नाही. फक्त पिल्लं मरत असती तर तळ्यात आधीच असलेले दोन-तीन वर्षांचे मासे ठरल्याप्रमाणे विणीला आले असते आणि घसरण पिढीमागून पिढी अशी पायरीपायरीने दिसली असती. १,१८,००० वरून दोन वर्षांत ३३० म्हणजे वेगवेगळ्या वयाचे मासे एकदमच कमी झाले असणार, आणि तसं करायला खाणारं तोंड लागतं. अर्थात १९८५ मध्ये लेक ट्राउट अजून वाढतच होते, एवढे कोकॅनी खाण्याइतके ते तेव्हा होते का यावर वाद घालता येतो, आणि घालतात.

पुढे जे झालं ते मात्र दुसऱ्या मताच्या बाजूचं आहे. १९९३ ते १९९७ अशी पाच वर्षं राज्याच्या मत्स्यखात्याने आणि बाकीच्यांनी मिळून हॅचरीत वाढवलेली कोकॅनीची बोटुकली लाखोंनी तळ्यात सोडली. ही वर्षभर वाढवलेली, नाजूक वय उलटलेली, म्हणजे पहिल्या वसंतातल्या उपासमारीचा प्रश्न आपोआप बाजूला. तरी टिकली नाहीत, लेक ट्राउटने खाल्ली. ठरवलेलं एकही लक्ष्य गाठता आलं नाही आणि कार्यक्रम गुंडाळला. मत्स्यबीज सोडणं हे सगळ्या खात्यांचं लाडकं उत्तर असतं, फोटो चांगले येतात, आकडा सांगता येतो, पण खाणारा तसाच ठेवून बोटुकली सोडणं म्हणजे त्यालाच पोसणं, आणि इथे सरकारी खर्चाने ते पाच वर्षं झालं.

नुकसान कोकॅनीपुरतं थांबलं नाही. लेक ट्राउटने मूळच्या बुल ट्राउटला मागे रेटलं, त्याचे विणीचे खड्डे मोजतात ते १९९० च्या दशकात खूप कमी झाले, आणि १९९८ ला कोलंबिया खोऱ्यातला बुल ट्राउट केंद्रीय कायद्याखाली धोक्यातला म्हणून नोंदला गेला. लेक ट्राउट नद्यांमधून वर चढून ग्लेशियर पार्कमधल्या तळ्यांतही पोचला. तळ्याचा दक्षिण अर्धा भाग सेलिश आणि कूटनी जमातींच्या राखीव क्षेत्रात येतो. त्यांनी २००० नंतर लेक ट्राउट काढायच्या स्पर्धा सुरू केल्या, मॅक डेज म्हणून, जास्त मासे पकडणाऱ्याला रोख बक्षीस, आणि पुढे जाळी लावूनही तो काढायला लागले. राज्याच्या खात्याला हे फारसं पसंत नव्हतं, कारण आता गळ टाकायला येणारे लोक लेक ट्राउटसाठीच येतात, बोटवाल्यांचा धंदा त्यावर. केर धरण २०१५ मध्ये या जमातींच्याच मालकीचं झालं, त्याचं नावही बदललं.

कोकॅनी परत आणायचा का, हा विषय अधूनमधून निघतो. खर्चाचं आणि कष्टाचं वजन मात्र बुल ट्राउट आणि कटथ्रोटच्या बाजूला आहे, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण कायद्याने जे वाचवायचं आहे ते मूळचं आहे, १९१६ चा पाहुणा नाही. मायसिस तर अजून तळ्यात आहेच, शिखरावरून बराच खाली येऊन स्थिरावलाय, दर रात्री वर येतो, पहाटे खाली जातो, आणि तो काढायचा उपाय कुणाकडे नाही. मॅकडोनाल्ड क्रीकची खडी आजही विणीला उत्तम आहे.